कुलुपातला लांडगा

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर मी सहा वर्षं आहे. काम तसं डोक्याला ताप नसलेलं. शासनमान्य ग्रंथांची यादी समोर घ्यायची, दिवाळी अंक कुठले घ्यायचे ते ठरवायचं, कुणी वडिलांचं चरित्र छापून भेट दिलं की आभाराचं पत्र धाडायचं. गेल्या पावसाळ्यात मात्र एक खोकं आलं. पुण्यात आयटीत नोकरी करणारी इथलीच एक मुलगी घर बदलत होती, तिनं आपली इंग्रजी पुस्तकं आईकरवी वाचनालयाला पाठवून दिली. १४ पुस्तकं. ११ बद्दल कुणाची हरकत नव्हती. उरलेल्या तिन्हींच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीचा पुरुष, त्याच्या मागं पूर्ण चंद्र आणि चंद्राखाली लांडगा.

अध्यक्षांनी त्यातलं एक टेबलावर ठेवलं आणि ते आपसूक उघडलं. पान २१२. पुस्तकालाही सवय लागते. जिथं जास्त वेळा उघडलं गेलं असेल तिथंच ते पुन्हा उघडतं. समितीत आम्ही पाच जण, त्यात बाई मी एकटी. पान २१२ टेबलाभोवती फिरलं. प्रत्येकानं ते 'नुसतं बघतो' म्हणून हातात घेतलं आणि नुसतं बघायला लागतो त्याच्या चौपट वेळ ठेवून घेतलं. चहा गार झाला. मग एकजण म्हणाले, "ह्ये काय आपल्यात चालायचं न्हाई." दुसऱ्यांनी मान डोलावत भर घातली, "उद्या नवऱ्याकडनं अपेक्षा वाढायच्या बायकांच्या." हसणं झालं. ठराव असा झाला की तिन्ही पुस्तकं दाखल करून घ्यावीत, पण कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवावीत. म्हणजे देणगी देणारी नाराज होत नाही आणि सभासदांच्या हातातही पडत नाहीत. मी गप्प बसले. इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं आहे, त्या सर्वांत मीही आहे. हा लेख त्या गप्प बसण्याचा दंड समजा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना सांगून त्यातलं एक 'अभिप्रायासाठी' म्हणून घरी आणलं. नाव मुद्दाम देत नाही. एक वाचलं की या जातीच्या बाकी पुस्तकांची चाल कळते. बर्फाळ डोंगरातलं आडगाव, तिथं नव्यानं आलेली जनावरांची डॉक्टर, आणि गावाबाहेर एकटा राहणारा अबोल सुतार. हा सुतार मनात येईल तेव्हा लांडगा होतो. आपल्या कळपाचा तो 'अल्फा', म्हणजे म्होरक्या. तिचा वास नाकात शिरताच त्याला कळतं की ही आपली 'मेट', नियतीनं नेमून दिलेली जोडीदारीण. पुढची तीनशे पानं तिला ते पटायला लागतात. दुसऱ्या संध्याकाळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि डाळ करपली, एवढं कबूल करते. भाषा काही थोर नाही. दर चार पानांनी कुणाचा तरी श्वास अडकतो, आणि नायकाचे डोळे इतक्या वेळा सोनेरी होतात की त्याला काविळीची तपासणी करायला सांगावंसं वाटतं. पण पुढं काय, ही उत्सुकता शेवटपर्यंत टिकते. ती टिकवणं सोपं नसतं, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे.

या प्रकाराला इंग्रजीत पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात आणि रूप पालटणाऱ्या नायकाला शिफ्टर. लांडगा सगळ्यांत लाडका; अस्वल, बिबट्या, ड्रॅगनही चालतात. शेवट गोड असणं हा लेखिका आणि वाचक यांच्यातला करारच. प्रणय किती उघडा आहे याला या वाचकांत 'स्पाइस' म्हणतात आणि तो मिरच्यांच्या चित्रांनी मोजतात. तिखटाचं प्रमाण आधी सांगणाऱ्या पुस्तकावर कोल्हापुरात आक्षेप यावा, हे जरा नवलच!

कपाटाला कुलूप लावून वाचन थांबतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी केएमटीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरचा मोबाइल बघावा. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर मराठीतल्या प्रेमकथा आणि भयकथा भागाभागानं वाचल्या जातात. पुढचा भाग कधी येतोय याची वाट बघणाऱ्या बायका भाजी निवडता निवडता वाचतात, कुणाला विचारून नाही. त्यामुळं कुलपाचा उपयोग किती, या प्रश्नावर मी जास्त थांबत नाही. मला खुपला तो 'आपल्यात' हा शब्द.

आपल्यात म्हणजे कुणात? ज्या गावात ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, त्या गावात? मराठी प्रणयकादंबरीचा हा बादशहा याच शहरात राहून लिहीत होता. १९२७ साली त्यांनी कामजीवन आणि संततिनियमन या विषयावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. र. धों. कर्व्यांचं लैंगिक शिक्षणाचं मासिक 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं तेही त्याच साली. आणि कलेसाठी कला नको, जीवनासाठी कला हवी, असं फडक्यांना ऐकवणारे वि. स. खांडेकर? तेही कोल्हापुरातच राहायचे. त्यांच्या 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. मुलाचं तारुण्य आपल्या अंगावर घेणारा आणि तरीही भूक न भागणारा राजा, ही त्याची गोष्ट. ती आमच्या वाचनालयात दर्शनी कपाटात आहे, काचेआड, पण कुलपाशिवाय. देह पालटण्याची आणि वासनेची गोष्ट पुरुषाची असली की तिला चिंतन म्हणतात, असा एक चावट संशय मला येतो.

मागं गेलं तर प्रकरण आणखी अवघड होतं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथा सप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या आजीच्या भाषेत. त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडी आहेत. प्रियकर, दीर, वाटसरू, उजाड देऊळ, तिळाचं शेत असं सगळं त्यात येतं आणि बोलणाऱ्या बायका लाजून अर्ध्यात थांबत नाहीत. शिफ्टरच हवा असेल तर महाभारताच्या आदिपर्वात किंदम ऋषी आहे. तो हरणाचं रूप घेऊन हरिणी झालेल्या बायकोशी रत असतो आणि शिकारीला आलेला पांडू बाण सोडतो. मरता मरता ऋषी त्याला शाप देतो की तूही बायकोजवळ जाशील तेव्हाच मरशील. पांडवांचा जन्म देवांकडून का झाला, याचं कारण हा प्रसंग. महाभारतातलं युद्ध ज्या गोष्टीपासून सुरू होतं ती दोन रूप पालटलेल्या माणसांच्या संगाची आहे, आणि कीर्तनकार ती देवळात सांगतात तेव्हा कुणी पोरांचे कान झाकत नाही.

आता यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या कथांत पुरुष रूप पालटतो ते बहुतेकदा फसवायला. इंद्र गौतमाचं रूप घेऊन अहल्येकडे जातो. विष्णू जालंधर होऊन वृंदेकडे जातो. खरं कळल्यावर ती त्याला दगड होण्याचा शाप देते, आणि आपण दरवर्षी कार्तिकात अंगणात ऊस उभा करून त्या दोघांचं लग्न लावतो. बाणाईसाठी खंडोबा म्हातारा होऊन धनगरवाड्यात चाकरीला राहतो. ती गोष्ट गोड आहे, ओव्यांतून ऐकताना हसू येतं, पण तिथंही बाणाईला तो कोण हे ठाऊक नाही. लांडग्याच्या या कादंबऱ्यांचा नियम नेमका उलटा. गोष्टीचा कणा असलेला प्रसंग म्हणजे तो तिच्यासमोर आपलं जनावराचं रूप दाखवतो तो. मी हा असा आहे, दात हे असे, आता काय ते ठरव. लपवून तिला जवळ केलं तर ते पुस्तक वाचकच फेकून देतात. ज्या संस्कृतीच्या नावानं कुलूप घातलं तिच्यापेक्षा या एका मुद्द्यात ही पुस्तकं स्वच्छ आहेत, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

कायद्याचं बोट दाखवणाऱ्यांसाठी थोडक्यात. अश्लील पुस्तकांसाठी भारतीय दंडविधानाचं कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९४ झालं. याच कायद्याखाली १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'शामा' या मराठी कथेवर खटला झाला होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं लेखक चंद्रकांत काकोडकरांना निर्दोष सोडलं. स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेख अश्लील धरला तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, अशा आशयाचं न्यायालयानं म्हटलं होतं. (धार्मिक तरी कशी सुटणार? किंदम वर आलाच आहे.) पुढं २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सुटा तुकडा उचलून निवाडा करण्याचा जुना विलायती निकष न्यायालयानं बाजूला ठेवला. म्हणजे पान २१२ तेवढं टेबलाभोवती फिरवायचं, ही आमच्या समितीची पद्धत न्यायालयानं टाकून दिलेली आहे.

आता त्या पानाविषयी. मी ते घरी नीट वाचलं, पुढचंमागचं धरून वाचलं. प्रसंग उघडा आहे, तिखटच आहे. पण त्या प्रसंगात तो सुतार तिला तीनदा विचारतो. थांबू का? नक्की ना? दिवा ठेवू की मालवू? ती एकदा थांब म्हणते, तो थांबतो, ती पाणी पिते, मग तीच बोलावते. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माझ्या किती मैत्रिणींना हा प्रश्न एकदा तरी विचारला गेला असेल, याचा हिशेब मी मनात करून बघितला आणि अर्ध्यात सोडला. अपेक्षा वाढायची भीती सभेत ज्यांनी बोलून दाखवली त्यांना माझं उत्तर: वाढू देत की.

माझी हरकत आहे ती पान ६१ ला. तिथं कपडे सगळ्यांच्या अंगावर आहेत. शत्रू कळपातल्या कुणीतरी डॉक्टरीणबाईंवर हल्ला केलेला, त्या झोपलेल्या. हा सुतार त्यांच्या दवाखान्यात फोन करून सांगतो की त्या महिनाभर कामावर येणार नाहीत, घरमालकाकडून किल्ली घेतो आणि त्यांचं सामान आपल्या घरी आणून टाकतो. तिच्याच भल्यासाठी. जागी झाल्यावर ती अर्धं पान चिडते. मग त्याच्या अंगाचा देवदारासारखा वास येतो आणि राग संपतो. आमच्या समितीतल्या कुणाचीही नजर या पानावर अडकली नाही, आणि मला शंका आहे की अडकली असती तरी त्यांनी त्याला 'काळजी' म्हटलं असतं. नोकरी सोडायचा निर्णय घरच्यांनी परस्पर घेणं आपल्याकडं अजिबात अश्लील समजलं जात नाही.

'मेट' ही कल्पना आपल्या वाचकांना एवढी पटकन का रुचते, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडं गाठी वरच बांधलेल्या असतात, खाली गुरुजी छत्तीसपैकी गुण मोजतात. वासावरून ओळखणं हे त्यामानानं प्रगतच म्हणायचं. पण खरी मेख वेगळी आहे. बाईला साडी हवी असं म्हणता येतं, फ्रीज हवा म्हणता येतं. माणूस हवा असं म्हणता येत नाही. जी म्हणते तिला आपण काय म्हणतो ते सांगायला नको. नियती मध्ये आली की तिला ते म्हणावं लागत नाही. ओढ तिची, पण जबाबदारी चंद्राची. या पुस्तकांतला खरा सुखाचा भाग मला तो वाटतो, मिरच्या नंतर. आणि नेमका तोच दोर उलटून गळ्याशी येतो. सगळं विधिलिखितच म्हटल्यावर 'नको' म्हणायला जागा कुठं उरते? तू माझीच, हे वाक्य चंद्रप्रकाशात ऐकायला छान वाटतं. तेच वाक्य कॉलेजच्या गेटवर दुचाकी आडवी लावून उभ्या असलेल्या पोराच्या तोंडून ऐकलेल्या मुली या शहरात आहेत.

अल्फाचं म्हणाल तर त्याला जनावरांतही आधार राहिलेला नाही. कळपावर एक नर दांडगाईनं राज्य करतो, ही समजूत रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या निरीक्षणांतून आली. ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती लोकांपर्यंत नेली आणि १९९९ साली स्वतःच शोधनिबंध लिहून दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, म्होरक्या म्हणजे नुसता बाप. कोंडलेल्या जनावरांच्या वागण्यावरून आदर्श पुरुष रंगवायचा, हा विनोद लेखिकांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

आपल्याला तर लांडगा उसना आणायचीही गरज नाही. दाजीपूरचं रान, जे आधी छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. गव्याच्या कळपाची पुढारी असते ती वयानं मोठी मादी. मोठे नर पुष्कळदा एकांडे फिरतात, मीलनाच्या दिवसांत लांबूनच साद घालतात, आणि ती मैलभर ऐकू जाते. राधानगरीकडची एखादी मुलगी उद्या मराठीत गवा-नायकाची कादंबरी लिहील तर त्या नायकाला आधी लांब उभं राहून बराच वेळ हंबरावं लागेल, आणि कळपातल्या थोरल्या बाईनं "पावणं कुठलं म्हणायचं?" असं विचारल्याशिवाय पुढं पाऊल टाकता येणार नाही. मी ती कादंबरी पहिल्या दिवशी विकत घेईन.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कोवळ्या वयाच्या मुली वाचतील आणि पान ६१ लाच प्रेम समजतील, असं एका निवृत्त शिक्षिकेनं मला सांगितलं. त्यांनी तीस वर्षं मुलींना शिकवलंय, त्यांचं ऐकायलाच हवं. म्हणून ही पुस्तकं बालविभागाजवळ नकोत, प्रौढांच्या विभागात हवीत आणि सभासद १८ वर्षांच्या वरची हवी, हे मला मान्य. पण त्यापुढं त्यांचं-माझं जमत नाही. कुलपातलं किंवा मोबाइलमधलं पुस्तक बाई एकटी वाचते. पान ६१ ला थांबून 'हे बरोबर नाही गं' म्हणणारी दुसरी बाई तिला तिथं भेटत नाही. ती भेटण्याची जागा म्हणून तर आपण वाचनालयं काढली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी आला. एवढा जुना वारसा सांगणाऱ्या गावात तीन पुस्तकं लोखंडी कपाटात फायलींमागं पडून आहेत. शेजारच्या उघड्या मांडणीवर मात्र अशा कादंबऱ्या आहेत ज्यांत बाई पळवली जाते, ओरबाडली जाते, आणि तो 'इतिहास' किंवा 'वास्तव' असतो. त्यांवर कधी बैठक बसलेली मला आठवत नाही. तिथं बाईला मजा येत नसते, एवढाच फरक.

पुढच्या बैठकीत मी लेखी ठराव देणार आहे. तिन्ही पुस्तकं प्रौढ विभागात उघड्यावर यावीत, आणि महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सभासद बायकांनी बसून अशा एकेका पुस्तकावर बोलावं. अध्यक्षांनाही बोलवू, त्यांनी यायच्या आधी पूर्ण पुस्तक वाचावं, एवढी अट.

ठराव कुलपाचा असला तरी माझ्याकडचं पुस्तक एका फेरीला बाहेर जाऊन आलं. बँकेत कॅशियर असलेल्या आमच्या एक सभासद देवघेव खिडकीवर मला म्हणाल्या, "ताई, लांडग्याची पुस्तकं आल्यात म्हणं?" बातमी कुठून फुटली देव जाणे. मी माझ्या कार्डावर त्यांना दिलं. तीन आठवड्यांनी त्यांनी ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणलं. खिडकीवरच्या मुलानं नियमाप्रमाणं पानं चाळली. २१२ कोरं होतं. ६१ च्या समासात पेन्सिलीची उभी रेघ होती आणि तिच्या बाजूला बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं: 'तिला विचारलं का?'

"काकू, पुस्तकात लिहिलंय. धा रुपय दंड," तो म्हणाला आणि खोडरबर माझ्यापुढं सरकवलं.

मी दहा रुपये दिले आणि खोडरबर त्याच्याकडं परत सरकवलं.